ईस्टरचे फुगे

तुम्ही सगळे मला विचारायचात ना, अरे नास्तिक माणसा, तू ईस्टरला ठाण्याला कशाला पळतोस? मागे पास्कलच्या सासऱ्यांनीही हेच विचारलेलं. पास्कल म्हणजे वागळे इस्टेटमधला माझा लेथवरचा जोडीदार. माझ्या घरी ना गणपती, ना गुढी. मी एकटा. पण ईस्टरला दुपारी त्याच्याकडे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि मटण जेवायचं, हे कैक वर्षं ठरलेलं.

त्या वर्षी मी डोंबिवलीहून निघालोच उशिरा, पोचलो तीनला. जेवताना सासरे म्हणाले, "काय हो, देव मानत नाही, मग येता कशाला?"

मी फटकन बोललो, "फुगे खायला! गरम तळलेले फुगे आणि मटण. बाकी कशाशी आपलं देणंघेणं नाही."

सगळे हसले. पास्कल नाही हसला.

निघताना त्याची बायको दारात हळूच म्हणाली, "भाऊ, ईस्टरआधीचे चाळीस दिवस आमचे हे मटणाला शिवले नव्हते. सकाळी चर्चमधून आले ते तसेच बसलेले. म्हणाले, तो आल्याशिवाय उपास सोडणार नाही."

तेव्हाच मागे फिरून सांगायला हवं होतं, की बाबा, माझी अशी वाट बघणारं दुसरं घर नाही, म्हणून येतो. पण लाज वाटली. सरळ रिक्षा पकडली.

पुढच्या ईस्टरला सकाळीच पास्कल डबा घेऊन माझ्या दारात. "घे, फुगे. तुला यायचा त्रास नको."

"अरे, आत तरी ये. बस ना."

"नको रे," तो म्हणाला, "घरी सगळे जेवायचे थांबलेत."