माशांच्या ड्रमचा बॉल वॉल्व्ह

अरे, दिव्यासारख्या पाणीटंचाईच्या गावात राहून फिशटँक ठेवायला जिगर लागते! माशांचं पाणी एक दिवस आधी भरून ठेवावं लागतं, क्लोरीन उडायला. त्यासाठी गॅलरीत ड्रम ठेवलेला. नळाला पाणी आलं की मी पाइप लावायचो आणि मोबाइलमध्ये घुसायचो. मग ड्रम उतू जायचा, खालच्या म्हात्रे काकूंची वाळत घातलेली सुकट भिजायची आणि मला शिव्या पडायच्या.

शेवटी मी स्वतः बॉल वॉल्व्ह बसवला. फ्लशच्या टाकीत असतो ना, तसाच. ड्रम भरला की बॉल वर येतो आणि पाणी आपोआप बंद. प्लंबरची गरजच नाही! वरूनच ओरडून सांगितलं, "काकू, आता बिनधास्त सुकट घाला!"

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आलो, तर गॅलरीतून पाणी धो धो खाली. बघतो तर काय, बॉलला खलबत्त्याचा बत्ता बांधून तो पाण्यात बुडवलेला.

"आई, हे काय?"

"मेला मधेच बंद होत होता. पाणी आलेलं असताना कोणी नळ बंद करतं का?"

मी बत्ता सोडला, पाणी थांबलं. लगेच बेल वाजली. दारात म्हात्रे काकू, हातात हंडा. मी सरळ हात जोडले.

"सॉरी काकू, तुमची सुकट..."

"सुकट गेली खड्ड्यात! आमची मोटर जळलीय सकाळी. वरून पडणारं पाणी बंद कशाला केलंस रे? माझा दुसरा हंडा अर्धाच राहिला!"

आईने माझ्या हातातला बत्ता काढून घेतला आणि ती गॅलरीकडे वळली.