जवाईबापूची आखाडी अन् लाईटवरचा डबा

...नाही पन मी म्हनतो राजेहो, मानसानं सोताच्या घरचं मटन छत्री धरून काहून खावं? घर माहं, वावर माहं, मटन मी आनलेलं, अन् मी बसलो कुठं? त गोठ्यात. एका हातात छत्री, एका हातात भाकर, आता रस्सा कोन्या हातानं ओरपू सांगा. वरून गोठ्याचं टीन गळून राह्यलं, बाजूनं म्हैस पाहून राह्यली, अन् घरातून, उंबरठ्याच्या आतून, आमची वच्छला इचारते, "झालं का जेवन? आंग धुवून मंग आत या." मी काय चोरी करून आलो होतो का बाप्पा?

वच्छला म्हनजे माही बायको. माळकरी. माहेरूनच गळ्यात माळ घालून आली, अन् मी लग्नाच्या आधीच कबूल होऊन बसलो होतो की उंबरठ्याच्या आत मटन-मच्छी येनार नाही. तवा मले काय मालूम, हा उंबरठा इतका पक्का निंगीन म्हनून. मटन शिजवाचा गंज येगळा, पळी येगळी, ताट येगळं, सगळं गोठ्यातल्या खुंटीले टांगलेलं. चूल बाहीर, तीन दगडाची. कांदा मी कापावा, वाटन मी वाटावं, गंज मी घासावा. अन् ही? रविवारी दुपारी उंबरठ्यात पाय पसरून बसनार अन् तिथून मले शिकवनार, "मीठ पाहून टाका हो, मागच्या खेपी खारट झालतं." अवो, तू खाल्लं नाहीस त खारट झालतं हे तुले कसं मालूम? त म्हने, "तुमी रातभर पानी पेले ते पाह्यलं न मी."

बरं, माहं मी सोसलं असतं. माह्याशी कोनाले काय घेनं-देनं? पन मंग जवाई आला न राजेहो. पोरगी लीला दिली अकोल्याले. जवाई रामराव, कचेरीत कारकून, प्यांटीले इस्त्री, शर्टाले इस्त्री, रुमालाले बी इस्त्री. पहिल्या आखाडीले बोलवला. आता आखाडी तुमाले मालूम हाये, एकदा श्रावन लागला की महिनाभर मटनाचं नाव काढता येत नाही, म्हनून त्याच्या आधी जवायाले बोलवून पोटभर खाऊ घालाचं. बोलवलं. बसवलं कुठं? गोठ्यात. तरटाचा बोरा आंथरला, त्याच्यावर पाट ठेवला, मान म्हनून. पहिला घास तोंडात जाते न जाते त म्हशीनं शेपूट हानलं. ताटात. अन् रस्सा? रस्सा इस्त्रीच्या शर्टावर. जवायानं इस्त्रीचा रुमाल काढून शर्ट पुसला. बोलला असता त बरं झालं असतं. मुकाट्यानं जेवला, गेला, अन् साल झालं तरी फिरकला नाही. दिवाळीले नाही, संक्रांतीले नाही. मी निरोपावर निरोप धाडून राह्यलो, या खेपी गोठ्यात नाही, आत बसवतो, बैठकीत, पाटावर. त लीली एकटी येते अन् म्हनते, "त्याहीले सुट्टी नाही बाबा." कचेरीत सुट्टी नाही म्हनते. ऐकलं कधी?

मी मनात म्हनलं, सूर्यभान, या आखाडीले जवाई आत बसला पायजे. नाही त पोरीचं माहेर तुटलं समज.

अशात मी सरकीच्या कामानं अमरावतीले गेलो, अन् राजापेठेत एका दुकानासमोर ही गर्दी. मंधात एक टायवाला मानूस, टेबलावर अल्युमिनचा गोल डबा, झाकनाले काच, मागून वायर. बोलते कसा, एकदम शुद्ध, "या, या, पाहा. यात मटण ठेवा, मासळी ठेवा, झाकण लावा, बटण दाबा आणि खुशाल पेपर वाचत बसा. ना धूर, ना वास, ना पसारा." अन् झाकन उचललं त आत अख्खी कोंबडी, पाय वर करून, लालेलाल. खाली पांढरी चादर, चादरीवर एक डाग नाही. मले त चादर दिसलीच नाही राजेहो, मले आमचा उंबरठा दिसला.

मी पुढं होऊन इचारलं, "साहेब, याच्यात रस्सा कुठून निंगते?" तो हासला. "रस्सा नाही काका, हे रोस्ट. कोरडं असतं. विलायती पद्धत." तिथूनच वापस फिराले पायजे होतं मले. ज्या मटनाले रस्सा नाही ते भाकरीसंग खावं कसं, हे त्यानं सांगतलं नाही अन् मी इचारलं नाही, कानात आपलं एकच वाजून राह्यलं, ना धूर, ना वास, ना पसारा. घेऊन टाकलं. डबा मांडीवर घेऊन यष्टीत बसलो त आमच्या तिवशापर्यंत सगळी यष्टी इचारून राह्यली, काका रेडिओ हाये का, काका तबला हाये का. एका बाईनं त डब्याले हात जोडले, देव असन म्हनून. मी बी काही म्हनलं नाही. माह्यासाठी देवच होता तो तवा.

घरी आलो त वच्छला दारातच. नवी वस्तू आली म्हनून हळद-कुंकू घेऊन उभी. म्हने, "याच्यात काय रांधाचं?" आता खोटं बोलून काय फायदा. म्हनलं, "मटन." कुंकाचं बोट तसंच वापस गेलं. मंग मी समजावाले बसलो. म्हनलं पाय, मटन डब्यात, डब्याले झाकन, म्हनजे घरात कोन आलं? डबा आला. मटन त डब्यात हाये, ते घरात आलंच नाही. ही म्हने, "मंग तुमी बी डब्यातच बसून जेवा."

पन जवायाचं नाव काढलं त नरमली. पोरीची माय न शेवटी, तिले बी आतून लागलंच होतं. मंग म्हने, "बरं. बैठकीत चालीन, देवघराकडं सरकनार नाही. पन तुमच्याच तोंडचं हाये, ना धूर, ना वास, ना पसारा. तिन्हीतलं एक जरी झालं, त डबा बाहीर, तुमी बाहीर, अन् जवाई बी बाहीर."

मी म्हनलं कबूल. मले कबूल म्हनाची सवयच हाये.

पहिले मच्छीवर पाह्यलं. वर्धेची मरळ आनली, तिखट, मीठ, लिंबू चोळलं, डब्यात ठेवली. तिवशात लाईट येऊन साल-दोन सालच झाले होते, आमच्या घरात पिलग एकच, बैठकीत, रेडिओचा, त्याले दोन तोंडं बसवून घेतली, एक रेडिओले, एक डब्याले. बटन दाबलं. वच्छला नाकाले पदर लावून डब्याच्या भवताल फिरली. जमीन पाह्यली, भित पाह्यली, वर आढ्याकडं पाह्यलं. मंग पदर काढला, हुंगलं अन् म्हने, "वास येऊन राह्यला." माहा जीव गेला. मंग माह्याजवळ आली, पुन्हा हुंगलं. म्हने, "नाही. हा तुमच्या बनियनचा हाये." पास! त्या दिवशी पहिल्यांदा मी माह्या घरात, पाटावर बसून, मच्छी खाल्ली. कोरडी होती, भाकर घशात अडकत होती, पन हातात छत्री नव्हती. डोळ्यात पानी आलं माह्या, खरं सांगतो.

लगेच अकोल्याले निरोप. अन् आला, राजेहो, या खेपी जवाई आला. लीलीनं ओढून आनला का कसा आनला मालूम नाही, पन आला. पाऊस हा धो धो. त्याले बैठकीत खुर्चीवर बसवला. समोर पाट, पाटाभवताल रांगोळी, बाजूले आहेराचं धोतर, पांढरंशुभ्र, घडी न मोडलेलं. जवाई खुर्चीच्या टोकावर, हात गुडघ्यावर, फोटो काढाले बसल्यावानी. मी म्हनलं, "बापू, आरामात बसा." त अजूनच ताठ झाला.

मटन डब्यात लावलं. झाकन लावनार, अन् तिथं माह्या मनात आलं. तुमीच सांगा, जवायाले कोरडं मटन वाढू? उद्या अकोल्यात कोनी इचारलं, सासऱ्यानं आखाडीले काय वाढलं, त हा काय सांगीन? रस्सा नव्हता? अहो, रस्सा नाही त आखाडी झालीच नाही. विलायतेत नसन लागत रस्सा, त्याहीले जवाई नसतीन. मी गपचूप वाटन कालवलं, भाजलेलं खोबरं, खसखस, तिखट, तेलाचा हात जरा सैलच सुटला, अन् वरून तांब्यावर तांब्या पानी. डबा काठोकाठ. झाकन लावलं अन् बटन दाबलं.

जवाई काचेतून पाहून राह्यला. म्हने, "मामाजी, लाल दिसून राह्यलं."
"तिखटाचा रंग हाये बापू."
"मामाजी, वर चढून राह्यलं."
"तर्री हाये बापू, तर्री वरच येते."
"मामाजी, झाकन हालून राह्यलं."
मी म्हनलं, यंत्र हाये, थोडं त हालनच.

रेडिओवर कापसाचे भाव सांगून राह्यले होते. आता अकोल्याचा भाव येनार म्हनून मी तिकडं कान दिला, अन् इकडं झाकन उचललं, तर्रीनं काठ सोडला, खालच्या तारेवर पडली, छन्न, फट, रेडिओ मुका, अन् डब्याच्या बुडातून काळा धूर. मी वायर ओढली. धूर म्हनू, का वास म्हनू, का पसारा म्हनू? तिन्ही एका दमात. टायवाल्यानं जे जे नाही म्हनलं होतं ते ते सगळं माह्या बैठकीत. अन् आमच्या बैठकीचा उतार कुठं? देवघराकडं. घर बांधलं तवापासून मी त्या जमिनीवर चालून राह्यलो, हा उतार मले त्या दिवशी दिसला. तो लाल रस्सा, वर तेलाची चकाकी, निंगाला सरळ देवाच्या दारी. मी पाय आडवा टाकला, पायावरून गेला. तवा जवाई उठला, आहेराचं धोतर उचललं, अन् टाकलं त्याच्या वाटेत. बंधारा. रस्सा थांबला, देवघराच्या उंबरठ्यापासून वीतभर अलीकडं.

वच्छला आली. धूर पाह्यला. पदर न लावता हुंगलं. मंग ते धोतर पाह्यलं. निस्तं बोट केलं. गोठ्याकडं.

गेलो. अर्धकच्चं मटन गंजात ओतलं, चूल गोठ्यातच पेटवाले बसलो, लाकडं वली, फुकून फुकून डोळे लाल. मनात म्हनलं, गेलं. आता पोरीच्या माहेरात जवायाचं पाऊल पडत नाही. लय वाईट वाटून राह्यलं होतं, त्या धुरानं सोय केली, रडाले निमित्त झालं. तितक्यात मागून आवाज, "सरका मामाजी, वल्या लाकडाले अशी फुक नाही मारत." पाहतो त जवाई. प्यांट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, शर्ट खुंटीले, निस्त्या बनियनवर. चूल पेटवली, रस्सा उकळवला, अन् बसाच्या आधी म्हशीचं शेपूट दाव्यानं खुट्याले बांधून टाकलं. मंग जे जेवला राजेहो. भाकरीवर भाकर. वच्छला आतून थापून राह्यली अन् हा संपवून राह्यला.

ताट पुसून काढलं अन् म्हने, "मामाजी, एक सांगू? मांगच्या सालचं मटन मी अजून विसरलो नाही. असं मटन आमच्या अकोल्यात नाही."

मी म्हनलं, "बापू, मंग सालभर आले काहून नाही?"

त म्हने, "तुमचा हरेक निरोप तोच, आत बसवतो, आत बसवतो. आत पाटावर बसून, समोर देवघर, दारात सासूबाई, गळ्यात माळ... मटन घशाखाली गेलं असतं का? म्हनून सुट्टीच नाही म्हनत होतो."

सांगा आता. मी सालभर त्याले आत घ्याले मरून राह्यलो, अन् तो आत यावं लागीन म्हनून येत नव्हता.

आता येते. श्रावन सोडला त दर पंधरवड्याले येते, सुट्टी कुठून निंगते मालूम नाही. तो डबा बी गोठ्यातच हाये. आमच्या एका कोंबडीनं त्याच्यात बसाचं धरलं, अंडी उबवली. तशीच दिसते, राजापेठेत पाह्यली होती तशी, डब्यात अख्खी कोंबडी, फक्त पाय खाली अन् जित्ती. ना धूर, ना वास. पसारा म्हनाल त पिल्लं सगळ्या गोठ्यात.

वच्छला खूश हाये. उंबरठ्यात आता माय-लेकी दोघी पाय पसरून बसतात अन् दोघी मिळून शिकवतात, "मीठ पाहून टाका हो." टीन अजून गळते. अन् घरात छत्री एकच. जवायाच्या ताटात पानी पडू नये म्हनून कोनीतरी ती धराले पायजे न? पहिले मी छत्री धरून जेवत त होतो राजेहो. आता निस्ती छत्री धरतो.