आबांची भंडाऱ्याची मूठ

चहा घ्या, पण हे ऐकून हसायचं न्हाई. पुण्याचे एक प्रोफेसर वेल्ह्याच्या डोंगरावर, धोंडूआबा धनगराच्या खोपीत काचेची नळी जोडत होते. आभाळातनं येणारे, डोळ्याला न दिसणारे कण मोजायला. आत धूळ गेली की नळी वाया, म्हणून दाराला ओलं धोतर! त्यांचं सामान वाहायला म्या होतो; म्हणलं, “सायेब, नवरीलाबी कुणी एवढं जपत न्हाई.”

नळी बंद करायच्या येळी आबा पुढं आले. “आभाळाचं काम म्हंजी देवाचं!” म्हणत त्यांनी खंडोबाचा मूठभर भंडारा उधळला. काच आतनं पिवळीधमक.

सायेब मटकन बसले. आबांनी हात जोडले, “कमी पडला का?”

“नाही आबा, पुरला.”

दुसऱ्या दिवशी सायेब सामान बांधून गेले. आबा मरस्तोवर मला इचारायचे, “चालली का रं नळी?”

“लई चालली, आबा.”

जल्मभर थापा मारल्या, पण ह्या थापेला हसू आलं न्हाई.