फिकी रेघ

नाही नाही, एक्केचाळीस नंबरच्या पेशंटला हात लावू नको, समीक्षा — बाकी काय ते बदल. पट्टीच्या फोटोत? अगो, खिडकीतली तिरीप असेल ती, रेघबिघ काही नाही! तू पुण्याहून सॉफ्टवेअर घेऊन आलीस, पण मी बावीस वर्षं ह्या लॅबमध्ये रक्त तपासतोय. चिखलपाण्यातून येणारा लेप्टोचा ताप कुठला, डेंग्यूचा कुठला, हे आमची चाचणीची पट्टी किती अचूक ओळखते, एवढंच तुला मोजायचं ना? मोठ्या लॅबने पक्के केलेले लेप्टोचे पेशंट त्रेसष्ट, आमच्या पट्टीने पकडले सत्तावन्न, सुटले सहा — झाली की तुझी टक्केवारी!

अशी बघू नको गो. तू कुडाळची ना? मग आपल्या भाषेत सांगतंय. फिकी रेघ इली की मी पट्टी घेवन नम्रता सिस्टरकडे जातंय — दोघांनी बघूची, दोघांनी ठरवूचा, असो आमचो नेम. गेल्या पावसात एक दिवस गेलंय नाय. कित्याक? एक्केचाळीस नंबर म्हणजे आमची यशोदा. माझी बायल. तापान फणफणली होती, तरी हसता — माका काय एक होवचा नाय, बेगीन सांग काय ता! दुसऱ्या दिवशी भाताच्या लावणीची पाळी आमची — वाडीतली अठरा माणसा आमच्या शेतात येतली, पाळी चुकली तर तरवो, भाताची सगळी रोपा, फुकट जाता. आणि पट्टीवर रेघ होती. केसासारखी, पण होती गो. माका ती नको होती, म्हणान मी ती बघलंय नाय. निगेटिव्ह लिवलंय, तापाची गोळी देवन घराक धाडलंय तिका — आणि ती दिवसभर चिखलात वाकान लावणी करी होती! त्याच दिवशी औषध सुरू झाला असता तर वाचली असती. पाचव्या दिवशी लघवी बंद, सातव्या दिवशी गेली.

तिच्या पोटच्या झिलाक, सासूक, सगळ्यांका एकच सांगलंय — चाचणी चुकली. चाचणीक कोण शिव्या घालता? तुझा सॉफ्टवेअरय माझ्याच बाजूक उभा रवला, सुटलेल्या सहांत मोजल्यान तिका. वर्षभर त्या ‘निगेटिव्ह’च्या आडोशाक रवलंय मी. कोण रडता? रडतंय, मीच रडतंय.

बदल तो नंबर. पॉझिटिव्ह कर. सुटलेले पाच. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिही — रेघ होती, तपासनिसाने लपवली. नाव दत्ताराम. पूर्ण नाव घाल. झालं? आता जा. दार ओढून घे.