माझ्या तपासणीले भाऊ आला

चहा थंडा झाला तरी चालन, पण मधात कोणी बोलू नका. अडखळत सांगीन, पण मीच सांगीन.

भंडाऱ्याले तोतरेपणाची तपासणी होती. रोजच्या जगण्यात किती त्रास होते, याचे प्रश्न विचारत होते. गुण जास्त आले तरच उपचाराची तारीख भेटणार होती. आमच्या करडी गावाहून मोठा भाऊ सोबत आला. म्हणे, "तू एकटा काय सांगशील?"

तपासणाऱ्या म्याडमनं मले विचारलं, "फोनवर बोलताना त्रास होतो?"

मी तोंड उघडलं, तोवर भाऊ म्हणे, "फोन उचलतच नाही जी तो. मंग कायचा त्रास?"

म्याडमनं शून्य लिहिलं.

"बसमध्ये तिकीट काढताना?"

"बिलकुल नाही. तिकीट मीच काढतो."

पुन्हा शून्य.

"दुकानात?"

"चिठ्ठी लिहून देते, काम खतम."

तेही शून्य. बाहेर लाइन लागली होती. शेवटचा प्रश्न आला, "तुमचं बोलणं कोणी मधेच तोडतं का?"

"नाही जी!" भाऊले रागच आला. "घरी आम्ही त्याले पुरा मोका देतो."

म्याडमनं पेन थांबवला आन् माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही सांगा."

मी सगळा जोर लावला. "म... म... म..."

"खरं आहे म्हणते जी तो," भाऊ म्हणे. "लिहा."

तारीख काही भेटली नाही. बाहेर येऊन भाऊनं पाठीवर थाप मारली. "पाहिलं? उगाच घाबरून राहिला होता. मी होतो म्हणून निभलं."