उंदरांचे केस

त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या ड्रायव्हरला शेजारच्या मायलेकींचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण आई काही हळू बोलणाऱ्यातली नव्हती. मुलीच्या डोक्यावर एकही केस नव्हता आणि तिनं ते झाकलंही नव्हतं.

"निदान रुमाल तरी बांधायचास गं."

"इथे सगळे कातडीच्याच दुखण्याचे. लपवू कोणापासून?"

ड्रायव्हरनं आपली टोपी आणखी खाली ओढली.

"पेपरात आलंय, स्टेम सेल का काय ते. उंदरांच्या पाठीवर केस उगवले म्हणे, चांगले दाट!"

"उंदरांचं अभिनंदन."

"चेष्टा पुरे. आज ना उद्या माणसांवरही होईल."

"होईल तेव्हा पहिला नंबर माझा लाव. तोवर काय तोंड लपवून बसू?"

"तसं नाही गं. पण पार्लरमध्ये केस कापणारीच अशी! गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"एक बाई दारातूनच परत गेली. बाकीच्या माझीच खुर्ची रिकामी व्हायची वाट बघतात."

"मग आज आलीस कशाला? मला वाटलं, ऐकलंस एकदाचं माझं."

"ही बोटं बघ. केसांच्या रंगानं सोलून निघालीत, कात्री धरवत नाही. आधी ही बरी व्हायला हवीत."

"आणि डोक्याचं काहीच विचारणार नाहीस?"

आतून तिचा नंबर पुकारला. मुलगी उठली.

"विचारीन की. एवढे दाट उगवलेत, तर त्या उंदरांचे केस कापायला कोणी हवंय का म्हणून."