वरातीत स्पीकरवर बसल्याबाबत

जबाब

नाव : सौ. माधवी खुशाल रामटेके. वय : ३६ वर्षे. व्यवसाय : गृहिणी (हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला), ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजविणे. राहणार : गोंडपिपरी, जि. चंद्रपूर.

मी वरील नावाची बाई आज ठाण्यात स्वतः हजर असून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती व सासूबाई यांच्यासह राहते. माझे पती खुशाल कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. मी लग्नाआधीपासून बेस गिटार वाजविते. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज खालचा असतो. तो लोकांना कानाने कमी आणि छातीत जास्त ऐकू येतो. हवालदारसाहेबांनी विचारले की मग तिचा उपयोग काय. ते पुढे सांगते.

माझ्याविरुद्ध नवरदेवाच्या मामांनी तक्रार दिली आहे की, मी वरातीच्या गाडीवरचा स्पीकर पळविला व शुभकार्यात विघ्न आणले. त्याबाबतची हकिगत अशी.

आमच्या गावचे निकेश दुर्गे यांचा 'निकेश म्युझिकल नाईट' नावाचा ऑर्केस्ट्रा आहे. नाव नाईट असले तरी परवानगी दहापर्यंतच मिळत असल्याने कार्यक्रम संध्याकाळीच उरकतात. एप्रिलमध्ये जयंतीची भीमगीते, हिवाळ्यात गावोगावच्या मंडई म्हणजे जत्रा, उन्हाळ्यात लग्ने, असे काम चालते. मी त्यांच्याकडे पुष्कळ वर्षे वाजविले. स्टेजवर माझी जागा ड्रमच्या मागे, जनरेटरच्या बाजूला होती. निकेश सर्व वादकांची नावे घेऊन ओळख करून देतात. माझी ओळख 'आणि गिटारवर आपली ताई' अशी होत असे. एकदा एक पाहुणे पुष्पगुच्छ घेऊन स्टेजवर आले. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि 'निकेशभाऊचा आहे, मागे ठेवून द्या' असे म्हणाले. मी ठेवून दिला.

सदर स्पीकर खास खालच्या आवाजाचा, म्हणजे बेसचा आहे. तो मी बल्लारपूरला चर्चमध्ये बेस वाजविणाऱ्या एका गृहस्थांकडून जुना घेतला. मोबाईलवर त्यांची जाहिरात होती, 'फक्त रविवारी वाजविलेला'. त्याच्या बदल्यात मी माझ्या दोनपैकी जुनी बेस गिटार आणि घरची शिलाई मशीन दिली. त्यांच्या पत्नीला मशीन पाहिजे होती. मशीन सासूबाईंची होती. त्यांनी विचारले, 'डब्यात का शिवशीन?' पण मशीन उचलू लागताना दुसरी बाजू त्यांनीच धरली.

जुनी गिटार मी त्याआधी विकायला काढून पाहिली होती. फोन करणारे बहुतेक जण 'मिस्टरांना द्या' असे म्हणत. खुशाल फोन घेऊन 'मले त्याच्यातलं काई समजत नाई, तिलेच विचारा' असे सांगत, तेव्हा ते फोन ठेवून देत. गडचिरोलीहून एक जण प्रत्यक्ष पाहायला आले. त्यांनी तारा मोजल्या आणि विचारले, 'दोन तुटल्या का?' मी सांगितले की हिला चारच असतात. ते म्हणाले, 'मंग भाव बी तसाच लावा ना.' ते चहा पिऊन परत गेले.

स्पीकर मी एसटीने आणला. कंडक्टरने त्याचे सामानाचे तिकीट फाडले व तो खिडकीजवळच्या सीटवर ठेवायला लावला. मी गोंडपिपरीपर्यंत उभी होते. समोरची जाळी उंदरांनी कुरतडलेली होती. तिथे मी घरच्या पडद्याचे हिरवे कापड लावले, त्यावर पिवळी फुले आहेत. मशीन देऊन टाकली असल्याने ते हाताने शिवले.

मागच्या पावसाळ्यात आमचा भामरागडला कार्यक्रम होता. पुलावर पाणी आल्याने रस्ता बंद झाला आणि आम्ही तिथल्या एका शाळेत अडकून पडलो. छत गळत होते. माझ्याजवळ एक ताडपत्री होती, ती मी स्पीकरवर घातली. निकेश यांनी ती काढून आपल्या कोटाच्या बॅगवर घातली. त्या कोटाला समोरून चमकणाऱ्या टिकल्या आहेत. मी स्पीकरवर माझी चादर टाकली.

परत आल्यावर स्पीकर सुकावा म्हणून तो निकेश यांच्या गोदामात ठेवला. काही दिवसांनी आणायला गेले, तर ते म्हणाले, 'माधवी, पानी शिरलं त्याच्यात. सडला. देऊन टाकला भंगारवाल्याले.'

मी म्हटले, 'मले न विचारता?'

'सडक्या डब्याचं का विचाराचं?'

पुढे ते असेही म्हणाले की आता मिथुन, म्हणजे ऑर्केस्ट्रातला की-बोर्डवाला, डाव्या हातानेच बेस वाजवतो, वेगळ्या बेसची गरज राहिली नाही. 'तुले बी आराम. घर आहे, सासू आहे.' मी घरी आले. सासूबाईंनी विचारले, स्पीकर कुठी आहे. मी सांगितले. त्या दिवशी स्वयंपाक त्यांनी केला. त्यानंतर मी गिटार पलंगाखाली ठेवली. त्यापुढच्या महिन्यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

घटनेच्या दिवशी दुपारी मी चौकातल्या किराणा दुकानात तेल घेत होते. रस्त्याने वरात चालली होती. वरातीसमोर मुखरू कोहपरे यांचा धुमाल होता, म्हणजे गाडीवर स्पीकर रचून, ढोलताशे व की-बोर्ड घेऊन वाजविणारे पथक. दुकानातल्या फळीवरच्या बरण्या थरथरू लागल्या. माझा स्पीकर एका ठराविक सुरावर घशात काही अडकल्यासारखा घरघरतो. तसा तो घरघरला. मी तेल तिथेच ठेवून बाहेर आले.

गाडीवर सगळ्यात वर हिरव्या पडद्याचा स्पीकर दोरीने बांधलेला होता. मी मुखरू यांना सांगितले की हा माझा आहे. त्यांना ऐकू गेले नाही. मी ओरडून सांगितले. त्यांना वाटले मी फर्माईश करते आहे. त्यांनी मान डोलविली व दुसरे गाणे लावले. माझ्याच स्पीकरच्या आवाजात माझे म्हणणे कोणाला ऐकू जात नव्हते. म्हणून मी चाकावर पाय देऊन गाडीवर चढले आणि स्पीकरवर बसले.

मला वाटले की कोणीतरी खाली उतरवील, मग बोलणे होईल. कोणी उतरविले नाही. लोकांना वाटले मी नवरदेवाकडची हौशी बाई आहे. एकाने माझ्या डोक्यावर फेटा ठेवला. फोटोवाला म्हणाला, 'ताई, हात वर करा.' मी केला नाही, तरी त्याने फोटो काढला. तोच फोटो मामांनी पुरावा म्हणून दिला आहे. त्यात मी रागात आहे, पण फेट्यामुळे तसे दिसत नाही. याप्रमाणे मी चौकापासून मंडपापर्यंत स्पीकरवर बसून गेले. इतक्या वर्षांत लोकांनी माझ्याकडे एवढे पाहिल्याचे मला आठवत नाही.

मंडपाच्या दारात नवरीच्या मावशी गिरजाबाई गाडीजवळ आल्या. 'अवं करवलीबाई, थकल्या असान. घ्या, च्या घ्या,' असे ओरडून म्हणत त्यांनी कप वर केला. मी हात पुढे केला. त्यांनी विचारले, 'तुमी कोनाच्या घरच्या जी?' मी आडनाव सांगितले, रामटेके. त्या 'असं का' म्हणाल्या आणि हात खाली घेतला. तो चहा मामांनी घेतला. याबद्दल माझी तक्रार नाही. मला मंडपात कोणी काय दिले असे हवालदारसाहेबांनी विचारले, म्हणून सांगितले.

संध्याकाळच्या कार्यक्रमाचे काम निकेश यांच्याकडे होते. ते मंडपात स्टेज लावून घेत होते. मला गाडीवर पाहून ते अगदी जवळ आले व ओरडून म्हणाले, 'माधवी, उतर खाली. लगनघरी तमाशा नोको करू.'

मी म्हटले, 'भाऊ, हा सडला होता ना?'

'तो हा नोहे. दुसरा असन.'

मी पडद्याच्या कापडावर हात ठेवला. ते कापड त्यांनी रोज पाहिलेले आहे. मग ते म्हणाले, 'तं भंगारवाल्यानं दुरुस्त करून इकला असन.'

तेवढ्यात गाणे संपले आणि मुखरू यांना आमचे बोलणे प्रथमच ऐकू आले. ते म्हणाले, 'कायचा भंगारवाला? निकेशभाऊ, तुमीच तं देला मले. मी याच्या बदल्यात तुमाले धुराची मशीन नाई देली का?'

ती मशीन त्या वेळी स्टेजवर चालू करून पाहणे सुरू होते. निकेश यांना धुरात उभे राहून गायला आवडते. ते धुरात असलेले काही लोकांनाही आवडते.

निकेश मला म्हणाले, 'अवं, बेस ऐकू येते कोनाले? पब्लिकले गाना पायजे. तुहा डब्बा असला का न नसला का, कोनाले फरक पडते?' एवढ्यात पुढचे गाणे सुरू झाले. दारासमोर नवरदेवाकडचे लोक नाचू लागले. नवरदेव घोड्यावर होते आणि घोडाही नाचत होता. मी हाताखालची माझ्या स्पीकरची वायर काढली.

बाकीचे सर्व स्पीकर चालू होते. गाणेही चालू होते. पण ते पत्र्याच्या डब्यात खडे हलविल्यासारखे वाजू लागले. आधी पुढचे नाचणारे थांबले, मग मागचे थांबले. त्यांचे बोलणे मला वर स्पष्ट ऐकू येत होते.

'काऊन बंद पडलं बे?'

'बंद कुठी? चालू तं आहे.'

'मंग नाचता काऊन येऊन नाई राह्यलं?'

घोडाही थांबला. त्याच्या मालकाने लगाम हलवून पाहिला, पण तो जागचा हलला नाही. मी निकेश यांच्याकडे पाहिले. ते स्टेजकडे पाहू लागले. बेस गिटारचा उपयोग काय, असे जे हवालदारसाहेबांनी विचारले, त्याचे उत्तर हे आहे.

त्यानंतर मामा 'उतरवा ह्या बाईले, वरात बंद पाडली हिनं' असे ओरडले. मी स्वतःच दोरी सोडली. मुखरू यांनी दुसरी बाजू धरून स्पीकर खाली घ्यायला मदत केली, कारण पडला असता तर त्यांच्याच पायावर पडला असता. पोलीस येईपर्यंत मी मंडपाबाहेर स्पीकरजवळ उभी होते. तो दोघांशिवाय उचलला जात नाही, त्यामुळे तो घेऊन पळाले हे म्हणणे खोटे आहे. लग्न ठरल्याप्रमाणे लागले. मंगलाष्टकांना बेस लागत नाही.

ठाण्यात आल्यावर निकेश यांनी स्पीकर ऑर्केस्ट्राच्या मालकीचा असल्याचे सांगितले. तेव्हा हवालदारसाहेबांनी बल्लारपूरच्या गृहस्थांना फोन लावला. त्यांनी स्पीकर मलाच दिल्याचे सांगितले. पुढे ते स्पीकरमधला चुंबक कुठला आहे व आता असा माल का मिळत नाही, हे सांगू लागल्याने साहेबांनी फोन बंद केला.

मग निकेश यांनी समझोता मांडला की, मी तक्रार करू नये, ते मला ऑर्केस्ट्रात परत घेतील आणि स्पीकर सर्वांचा म्हणून गोदामात राहील. 'स्टेजवर पुरं नाव घेईन तुहं,' असेही ते म्हणाले. मग मी विचारले, 'जागा कुठी राहीन?' ते म्हणाले, 'आपली नेहमीचीच, जनरेटरजवळ.' मी समझोत्याला नकार दिला.

निकेश दुर्गे यांनी माझा स्पीकर मला खोटे सांगून परस्पर दुसऱ्याला दिला, याबद्दल त्यांच्यावर कारवाई व्हावी. वरात थांबली त्याबद्दल नवरीचे मला वाईट वाटते. मामांबद्दल तसे वाटत नाही. स्पीकर सुपूर्दनाम्यावर मला परत मिळावा. तोपर्यंत ठाण्यात त्यावर गाणी लावू नयेत. आज दुपारी लावली होती.

मुखरू कोहपरे यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. जबाब सुरू होण्याआधी ते आवारात मला म्हणाले, 'बाई, तुमी वर बसल्या न, तं पब्लिक लय पाहे. एटापल्लीच्या लगनात बी बसता का?' मी सांगितले की बसणार नाही, उभी राहून वाजवीन, आणि स्पीकर माझाच राहील. ते म्हणाले, 'वाजवाची का गरज आहे? नुसत्या बसल्या तरी होते.' मी म्हटले, 'मंग मी येत नाई.' मग त्यांनी विचारले, 'पन त्या जाड तारीच्या आवाजानं घोडा बिचकन तं?'

मी म्हटले, 'भाऊ, घोडा त्याच्यावरच तं नाचते.'

एटापल्लीचे लग्न जवळ आले असल्याने स्पीकर त्याआधी मिळावा, ही विनंती.

हा माझा जबाब हवालदारसाहेबांनी बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात मला वाचून दाखविला. मी सांगितले तेच त्यात आले आहे, ते खरे आहे, आणि मी खाली सही करते.